दिसायला ठणठणीत, अकरा वाजता गळालेली: एमएस घेऊन घर आणि नोकरी कशी चालवायची?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवणाऱ्या ३६ वर्षांच्या बाई. तीन वर्षांपूर्वी एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, पुढे उजवा पाय ओढायला लागला आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान झालं. औषध चालू आहे. ताज्या एमआरआयमध्ये नवीन काही नाही, डॉक्टर म्हणतात सगळं स्थिर आहे. तरी सकाळी अकरापर्यंत अंगातलं त्राण संपतं. सासूबाईंना तो आळस वाटतो. काठी घ्यावी का, नोकरी सोडावी का, एक वैद्य तीन महिन्यांत बरं करतो म्हणतायत त्यांचं ऐकावं का, पुढे अंथरुणाला खिळणार का, आणि नऊ वर्षांच्या मुलाला काय सांगावं, असं त्या विचारतात.

मी पुण्यात गेली पंचवीसएक वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मराठीत आमच्या विद्येला व्यवसायोपचार म्हणतात, त्यामुळे निम्म्या लोकांना मी नोकरी लावून देणारी बाई वाटते. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी या विषयाचं शिक्षण आपल्याकडे सुरू केलं, तेव्हापासून हा घोळ चालू असणार. आमचं काम एवढंच, की आजारपण घेऊन माणसाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस कसा पार पडतो ते बघायचं आणि तो जरा सुकर करायचा. म्हणून तुमच्या प्रश्नाकडे मी औषधाच्या बाजूने बघणार नाही, दिवसाच्या बाजूने बघेन.

आधी थकव्याचं. तो खरा आहे. तुमच्याकडे द्राक्षाची शेती भरपूर, म्हणून पाटाचं उदाहरण देते. धरणात पाणी आहे, गेट उघडलंय, पण पाटाला जागोजाग भगदाडं पडलीयत. हेडच्या शेतकऱ्याला पाणी दिसतं, टेलच्या शेतात पोचेपर्यंत निम्मं जिरलेलं असतं. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण आपलीच प्रतिकारशक्ती कुरतडते, आणि मेंदूने पायाला धाडलेला निरोप वाटेत असाच गळतो. तोच निरोप पोचवायला मेंदूला दुप्पट पाणी सोडावं लागतं. फळ्यापर्यंत चार पावलं चालायला तुमच्या शेजारच्या बाईंना जेवढं लागतं, त्याहून तुम्हाला कितीतरी जास्त लागतं, आणि हे बाहेरून कुणाला दिसत नाही. एमआरआय भगदाडं दाखवतो, टेलला पाणी किती पोचतं ते दाखवत नाही. ‘रिपोर्ट स्थिर आहे’ याचा अर्थ नवीन भगदाड पडलेलं नाही, एवढाच.

एमएसच्या दर चार रुग्णांतले तिघे तरी या थकव्याची तक्रार करतात, आणि कित्येकांना पायाच्या अशक्तपणापेक्षा तोच जास्त छळतो. पण सगळं एमएसच्या नावावर खपवण्याआधी एक काम करा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. भारतात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. एमएस झालं म्हणून तुम्ही त्या यादीतून वगळल्या जात नाही. रात्री लघवीला किती वेळा उठता? तीन-चार वेळा उठत असाल तर सकाळचा थकवा तिथूनच आलेला असू शकतो. पाय कडक होतात म्हणून बॅक्लोफेन घेत असाल तर तिनेही सुस्ती येते. डोसाच्या वेळा बदलता येतात का ते डॉक्टरांना विचारा, मात्र ती गोळी मनाने एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात.

लघवीचा विषय निघालाच आहे तर इथेच सांगून टाकते, कारण शिक्षिका हे हमखास लपवतात. शाळेचं स्वच्छतागृह लांब किंवा घाणेरडं, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, असं करत असाल तर आजपासून थांबवा. एमएसमध्ये मूत्राशय बऱ्याचदा पूर्ण रिकामं होत नाही, त्यात पाणी कमी, की जंतुसंसर्ग ठरलेला. आणि संसर्गाची पहिली खूण प्रत्येक वेळी जळजळ नसते. एकाएकी पाय जड होतात, थकवा वाढतो, आणि माणूस ‘अटॅक आला’, म्हणजे एमएस नव्याने उसळलं, असं समजून घाबरतो. खरा नवा अटॅक म्हणायचा तर ताप किंवा संसर्ग नसताना नवं लक्षण सलग २४ तासांहून जास्त टिकायला हवं. म्हणून पाय अचानक बिघडला तर न्यूरॉलॉजिस्टना फोन करताना लघवीची तपासणीही करून घ्या. लघवी करून आल्यावर आत किती उरते ते साध्या सोनोग्राफीत कळतं, ती एकदा करा.

आता उन्हाचं. १८९० साली उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने लिहून ठेवलं, की एमएसच्या काही रुग्णांना व्यायाम केल्यावर तेवढ्यापुरतं अंधुक दिसतं. नंतर कळलं, की कारण व्यायाम नव्हे, अंगाची वाढलेली उष्णता. आवरण गेलेल्या तंतूला अर्ध्या अंशाचा फरकही सोसत नाही, निरोप तिथेच अडतो. एमआरआय यायच्या आधी तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे.

माझ्याकडे एक बँकेतले गृहस्थ यायचे. नरक चतुर्दशीला पहाटे आईने उटणं लावून कढत पाण्याने न्हाऊ घातलं, आणि हे पाटावरून उठेचनात. घरात रडारड. मला सहा वाजता फोन. मी म्हटलं, पंखा लावा, गार पाण्याने अंग पुसा, अर्धा तास थांबा. फराळाच्या वेळेपर्यंत ते चालत टेबलाशी आले होते. उष्णतेने आलेला हा अशक्तपणा गार झालं की उतरतो, त्याने नवी इजा होत नाही. पण कढत पाण्याच्या ओल्या न्हाणीघरात पडून खुबा मोडला तर ती इजा खरीच असते, म्हणून आंघोळ कोमट पाण्याने, आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसून.

नाशिकचा एप्रिल ४० अंशांच्या घरात जातो. हवा कोरडी असते हे तुमचं नशीब. कोरड्या हवेत साधा वाळ्याचा कूलर छान चालतो. मुंबईच्या माझ्या रुग्णांना त्याचा काडीचा उपयोग नाही, त्यांना एसीच लागतो. बाहेर पडायच्या आधी वीस मिनिटं हातपाय गार पाण्यात, गळ्याभोवती फ्रीजमध्ये ठेवलेला ओला पंचा, पर्समध्ये दुसरा पंचा प्लास्टिकच्या पिशवीत. गार पाण्याचे घोट घेत राहायचे. उन्हाळ्यातली सकाळची शाळा तुम्हाला वरदानच आहे.

मी तुम्हाला जे खरं सांगू पाहतेय ते आता येतं, आणि ते मला एका रुग्णाने शिकवलं.

नोकरीची माझी पहिली चार-पाच वर्षं असतील. आम्हाला शिकवलेलं एकच, की रुग्ण स्वावलंबी झाला पाहिजे. साखर कारखान्यात हिशेबनीस असलेले चाळिशीचे गृहस्थ होते, हातांना कंप, बोटांत जोर नाही. मी हट्टाला पेटून त्यांना शर्टाची बटणं स्वतः लावायला शिकवली. तारेचं बटण-हूक आणलं, सहा आठवडे सराव घेतला. एक दिवस ते संपूर्ण शर्ट स्वतः घालून आले. मी खूश. मी टाळ्याही वाजवल्या असतील. ते म्हणाले, “बाई, बटणं लागतात आता. चाळीस मिनिटं लागतात. पण संध्याकाळी मुलीला बीजगणित शिकवायचो ना, ते राहिलं. तोवर मी संपलेला असतो.”

त्यांच्या बायकोला ती बटणं लावायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी त्यांच्याकडून मुलीबरोबरचा तास काढून घेतला होता आणि त्याच्या बदल्यात एक शर्ट दिला होता. पुढच्या आठवड्यात आम्ही शर्टांना बटणांच्या आत वेल्क्रो शिवून घेतलं.

तेव्हापासून मी रुग्णाला ‘हे तुम्हाला स्वतः करता येतं का’ असं आधी विचारत नाही. ‘यावर तुमचा दिवस खर्चायचाय का’ असं विचारते. येतं म्हणून करायलाच हवं, हा नियम तुमच्या शरीराला आता परवडत नाही. आणि आपल्याकडच्या बायकांना हे पटवणं पुरुषांपेक्षा दसपट अवघड जातं. पुरुषाला कुणीतरी ताट वाढून देणं यात काही वावगं वाटत नाही. बाईला मात्र दुसऱ्याने केलेली पोळी खाताना अपराधी वाटतं.

म्हणून एक वही घाला. एक आठवडा, तासातासाची नोंद. काय केलं, उभ्याने की बसून, ऊन किंवा आच होती का, आणि थकवा शून्य ते दहात किती. सुट्टीचे दोन दिवस त्यात यायला हवेत. गणिताच्या बाई आहात, जमाखर्च तुम्हाला सांगायला नको. माझा अनुभव असा, की लोक ज्या कामाला दोष देतात ते काम बहुतेक वेळा गुन्हेगार निघत नाही. तुम्ही लिहिलंय की अकरा वाजता वर्गात गळून जाते. मला वाटतं, तुम्ही साडेसात वाजता स्वयंपाकघरातच गळालेल्या असता, कळतं अकरा वाजता.

माझा पहिला संशय पोळ्यांवर आहे. घरात पाच माणसं, दोन डबे, म्हणजे वीस-बावीस पोळ्या. एका पायावर भार देऊन पाऊण तास उभं राहणं, तोंडावर गॅसची आच, दोन्ही हात खांद्यापासून चालू. उभं राहणं, उष्णता आणि एकसुरी श्रम, एमएसला नको असलेल्या तिन्ही गोष्टी एका जागी. मी एमएसच्या कुठल्याही बाईला सगळ्यात आधी पोळीवाली लावायला सांगते. ते शक्य नसेल तर कणीक आदल्या रात्री दुसऱ्या कुणी मळायची, पोळपाट जेवणाच्या टेबलावर आणून बसून लाटायचं, आणि भाजायला नवरा. भाजता न येणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही, न शिकलेले बरेच पाहिलेत.

बाकी बारीकसारीक. भरलेला कुकर उचलू नका, ओट्यावरून सरकवा. रोज लागणारं सगळं कंबर ते खांदा या उंचीत आणा, खाली वाकून डबे काढणं बंद. चिराचिरी बसून. केस धुणं शाळेच्या दिवशी नको, शनिवारी रात्री. शाळेत साडी सक्तीची असेल तर पंजाबी ड्रेसची परवानगी मागा, कारण ओढणाऱ्या पायाचा अंगठा निऱ्यांत अडकून पडलेल्या तीन शिक्षिका मला माहीत आहेत. चपला बंद करा. पाय ओढतो तेव्हा सुटी चपल पायात धरून ठेवायला बोटांना सतत काम पडतं. मागून पट्टा असलेली हलकी सँडल घ्या. पूजेला, पंगतीला मांडी घालून बसायचा आग्रह होईल. खुर्ची मागायची, देव काही म्हणत नाही.

विश्रांतीचं एक गणित लोकांना उलटं वाटतं. थकल्यावर बसायचं नाही, थकायच्या आधी बसायचं. पूर्ण रिकामी झालेली टाकी भरायला एमएसमध्ये दुपार जाते, अर्धी असताना पंधरा मिनिटं पुरतात. दुसऱ्या तासानंतर दहा मिनिटं डोळे मिटून, मोबाइल न बघता. मोबाइल बघणं ही विश्रांती नव्हे, मेंदूचंही पाणी त्याच पाटातून जातं. पेपर तपासताना कुणी बोलायला आलं की बेरीज चुकते, शब्द आठवत नाही, असं होत असेल तर तेही आजाराचंच अंग आहे, जवळपास निम्म्या लोकांना होतं. एका वेळी एक काम, आणि पेपर सकाळी.

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे पडूनच राहायचं का? नाही. मी शिकत होते तेव्हा जुन्या पुस्तकांत एमएसच्या रुग्णाने व्यायाम करू नये असंच होतं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात रुग्णांना पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम करायला लावला. त्यांची ताकद वाढली, मनही हलकं झालं. तेव्हापासून सल्ला बदलला. फरक एवढाच, की पोळ्या म्हणजे व्यायाम नव्हे. ओट्यापाशी झिजवलेली ताकद परत मिळत नाही, पंख्याखाली स्थिर सायकल वीस मिनिटं चालवली तर मिळते. पोहण्याचा तलाव जवळ असेल तर त्यासारखं काही नाही, पाण्यात अंग तापत नाही आणि पडायची भीती नाही. थकवा यायचाच, पण तासाभरात उतरला तर व्यायाम बरोबर. दुसऱ्या दिवशीही राहिला तर निम्मा करा.

काठी घ्याच. तुम्ही लिहिलंय, “लोक बघतील.” बघू देत, काठीचं निम्मं काम तेच आहे. आज तुम्ही भेलकांडता तेव्हा रस्त्यावरचा माणूस वेगळाच तर्क करतो. हातात काठी दिसली की तोच माणूस बाजूला होतो, बसमध्ये जागा मिळते, रिक्षावाला थांबतो, आणि सासूबाईंना समजावत बसावं लागत नाही. ती डाव्या हातात धरायची, म्हणजे अधू पायाच्या विरुद्ध हातात. सिनेमात सगळे चुकीच्या हातात धरतात. उंची अशी, की सरळ उभं राहून हात मोकळा सोडल्यावर मनगटावरच्या रेघेशी मूठ यावी. चार पायांची काठी दुकानदार भरीस घालेल, पण आपल्या खडबडीत फुटपाथवर तिचे चारही पाय एकदम टेकत नाहीत आणि ती डुगडुगते. साधी, घडीची, हलकी घ्या. खालचं रबरी बूच झिजलं की लगेच बदला, पावसाळ्यात ओल्या फरशीवर झिजलेलं बूच म्हणजे साबण. पाऊल चालताना लोंबत असेल तर बुटात बसणारी पट्टी मिळते, फिजिओथेरपिस्टला दाखवून मापाची करा. दिवसभरात पाय उचलून टाकायचे श्रम वाचतात.

लांबच्या अंतराला व्हीलचेअर वापरायलाही माझी हरकत नाही, आणि इथे लोक एकदम हादरतात. ‘एकदा बसलं की कायमचं’ अशी समजूत आहे. तुमच्याच जिल्ह्यात वणीच्या गडावर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि आता वर न्यायला ट्रॉलीही आहे. ट्रॉलीने गेलेल्या माणसाचे पाय खाली उतरल्यावर चालायचे थांबत नाहीत, आणि देवीही त्याला कमी दर्शन देत नाही. लग्नाचं मोठं कार्यालय, विमानतळ, प्रदर्शन, अशा ठिकाणी खुर्ची वापरा, घरात चाला.

नोकरी. एक विनंती: राजीनामा लिहू नका, निदान अटॅकच्या काळात आणि उन्हाळ्यात तर मुळीच नाही. मी वकील नाही, पण रुग्णांबरोबर या वाटेने बरीच गेलेय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, तो एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच कायद्याच्या २० व्या कलमात म्हटलंय, की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढून टाकायचं नाही किंवा खालच्या पदावर टाकायचं नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं, तसं पद नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. आणि कायद्याच्या व्याख्येत सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. तुमची शाळा अनुदानित आहे, म्हणून हे तुमच्या कामाचं. पण हे संरक्षण नोकरीत असणाऱ्याला आहे. राजीनामा दिला की गेलं.

त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. तपासणीला जाताना आपली माणसं एक गंमत करतात. नवे कपडे घालतात, रिक्षाने दारात उतरतात आणि डॉक्टरांसमोर ताठ चालून दाखवतात. वर्षानुवर्षांची सवय, परक्यासमोर दुबळं दिसायचं नाही. एमएस तर रोज बदलतं, नेमका चांगला दिवस निघाला तर टक्के कमी येतात. खोटं काही करायचं नाही, पण ती थकव्याची वही, न्यूरॉलॉजिस्टची जुनी टिपणं, एमआरआय, पडल्याच्या तारखा, सगळं बरोबर न्या आणि तोंड उघडून सांगा.

मुख्याध्यापकांकडे ‘मला त्रास होतो’ असं मोघम जाऊ नका. लेखी, मोजक्या मागण्या: वर्ग तळमजल्यावर, माझे तास सकाळचे पहिले तीन, वर्गात खुर्ची, परिपाठाला उभं राहण्यातून सूट, इलेक्शन ड्यूटीतून सूट मिळण्यासाठी शिफारस. यातल्या एकाही गोष्टीला शाळेला पैसा पडत नाही. माझ्या अनुभवात मुख्याध्यापक दुष्ट क्वचित असतात, बहुतेकांना काय करायचं ते कळत नसतं, आणि कागदावर चार ओळी दिल्या की सुटल्यासारखं वाटतं त्यांना.

वैद्यांबद्दल. कुणाची श्रद्धा मोडायची मला हौस नाही, तेल लावून घ्या, बरं वाटत असेल तर पंचकर्मही करा, त्यातलं वाफेचं तेवढं नको, कारण वर सांगितलंच आहे. पण ‘तीन महिन्यांत’ हा आकडा कुठून येतो ते सांगते. दहांतल्या आठ-नऊ जणांचं एमएस सुरुवातीला येणारं-जाणारं असतं. अटॅक आला की काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत तो बराचसा आपणहून ओसरतो. माणूस दुसऱ्याकडे औषध घ्यायला जातो तोही अगदी वाईट अवस्थेत असताना. म्हणजे त्या तीन महिन्यांत काहीही घेतलं तरी गुण येणार, आणि श्रेय ते घेणार. हे औषधांच्या कंपन्यांनाही माहीत असतं, म्हणून तर चाचण्या दोन-दोन वर्षं आणि तुलनेचा गट ठेवून होतात. या आजाराचा वेग कमी करणारं पहिलं औषध १९९३ मध्ये आलं, त्याआधी खरोखर काही नव्हतं. आता आहे. वैद्यांची एक अट मात्र मानू नका: ‘ते इंजेक्शन बंद करून या.’ जो हे म्हणेल त्याच्या दारातून परत या. काही औषधं एकदम थांबवली तर आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळतो.

अंथरुणाला खिळणार का? खरं सांगायचं तर तुमच्याबद्दल हे कुणीच ठरवून सांगू शकत नाही. औषधं नव्हती त्या काळच्या कॅनडातल्या एका गाजलेल्या नोंदीत निम्म्या रुग्णांना पंधरा वर्षांत चालायला आधार लागला होता. त्याच देशातल्या दुसऱ्या प्रांताच्या, नंतरच्या नोंदीत हा काळ जवळपास दुप्पट निघाला. आणि हे दोन्ही मुख्यतः तुम्ही घेताय ती औषधं येण्याआधीचे रुग्ण. माझ्याकडे वीस वर्षांनी स्कूटर चालवत येणारी बाई आहे आणि सहा वर्षांत खुर्चीत गेलेला मुलगाही होता. वाईट दिवसासाठी घर थोडं तयार ठेवा, म्हणजे न्हाणीघरात भिंतीला दांडा, कमोड, उंबरठे सपाट. हे आज करा, हातात ताकद आणि पगार असताना. आणि मग तो विचार कपाटात ठेवून द्या.

नवऱ्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, म्हणून मीच लिहिते. एमएसमध्ये संवेदना कमी होतात, शरीरसंबंधात इच्छा आणि आनंद दोन्हींवर परिणाम होऊ शकतो, थकव्याने तर होतोच. बायका हे कुणाशी बोलत नाहीत आणि नवरा ‘हिला मी नकोसा झालो’ असं समजून गप्प होतो. दोघांनी मिळून डॉक्टरांपुढे हा विषय काढा. तसंच सतत रडू येणं, कशातच मन न लागणं हे ‘साहजिकच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. या आजारात नैराश्य फार आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते, मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत. दुसऱ्या एमएसवाल्या बाईशी अर्धा तास बोलणं माझ्या चार भेटींच्या बरोबरीचं असतं, हे मी पगार घेऊनही कबूल करते.

सासूबाईंना समजावण्यात शब्द वाया घालवू नका. एका घरी मी सासऱ्यांच्या दोन्ही पायांना एकेक किलोच्या वाळूच्या पिशव्या बांधल्या, हातात जाड मोजे दिले आणि म्हटलं, चहा करा. अर्ध्या चहात त्यांनी स्टूल ओढलं. नंतर त्या घरात आळस हा शब्द मी ऐकला नाही. सासूबाईंना पुढच्या वेळी न्यूरॉलॉजिस्टकडे बरोबर न्या, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं.

आणि मुलगा. नऊ वर्षांच्या मुलाला सगळं दिसत असतं, फक्त कारण माहीत नसतं, आणि मुलं कारण स्वतःत शोधतात. आजाराचं नाव सांगा. हा संसर्गाने होत नाही, तुझ्यामुळे झालेला नाही, मी मरणार नाहीये, पण काही दिवशी माझे पाय ऐकत नाहीत, हे चार सरळ वाक्यांत. ‘मलाही होईल का’ असं विचारलं तर, शक्यता किंचित वाढते, पाश्चात्त्य नोंदींत शंभरांतल्या दोन-तीन मुलांना, म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णवांना होत नाही. गणिताच्या बाईंचा मुलगा आहे, त्याला समजेल. त्याला दया दाखवायला लावू नका, एखादं छोटं खातं देऊन टाका. माझ्या एका रुग्णाच्या मुलाने फ्रीजमधल्या ओल्या पंच्यांचं खातं घेतलं होतं. रोज रात्री दोन पंचे पिळून डब्यात ठेवायचा, सकाळी एक आईच्या गळ्यात आणि एक पर्समध्ये. आता तो बारावीला आहे, क्लासमुळे वेळ नसतो, तरी डब्याला कुणाला हात लावू देत नाही.